आडव्या सायकलला मोटर आणि बेल्ट: मुंबईत पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सायनच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला की साधी सायकलवाला पॅडलवर उभा राहतो आणि अंगाचा भार टाकून सुटतो. आपण मात्र पाठ टेकून, पाय पुढे पसरून बसलेलो. उभं राहायची सोयच नाही. पहिल्या दोन पॅडलांत तोल सावरायचा, मागून बेस्टची बस भोंगा वाजवतेय, आणि शेजारचा रिक्षावाला विचारतोय, “काका, पाय आधी पोहोचतात का तुम्ही?”

ही पाठ टेकून चालवायची आडवी सायकल, म्हणजे रिकम्बंट, मुळात वेगवान सायकल. १९३३ साली फ्रान्सिस फोरने असल्याच सायकलवर एका तासात ४५ किलोमीटरचा टप्पा ओलांडला आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने तिला शर्यतींतून बाहेर काढलं. मुंबईत त्या वेगाचं काय करणार? इथे तिची अडचण सुटण्याची आहे, धावण्याची नाही. म्हणून मोटर.

दुसरी अडचण साखळीची. साध्या सायकलच्या साखळीपेक्षा हिची साखळी अडीच-तीन पट लांब. जून ते सप्टेंबर २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, रस्त्यावरचा राड आणि समुद्राची खारी हवा. गणपती येईपर्यंत साखळीची प्रत्येक कडी तांबडी. तेल घाला, त्याला चिखल चिकटतो. नका घालू, किरकिरते. शिवाय सीटखालून जाणाऱ्या साखळीचा काळा पट्टा उजव्या पोटरीवर उमटतो तो वेगळाच. म्हणून बेल्ट.

बेल्ट म्हणजे स्कूटीच्या आतला व्ही-बेल्ट नव्हे आणि पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टाही नव्हे. कारच्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो त्या जातीचा, आतून दात असलेला. त्याला तेल लागत नाही, गंज चढत नाही. पण त्याच्या खोडी साखळीपेक्षा जास्त आहेत, त्यामुळे या लेखातली अर्धी जागा त्यालाच जाणार आहे.

आधी मोटर, मग बेल्ट

दोन्ही कामं एकदम काढू नका. मोटर दोन संध्याकाळींत बसते, आणि साखळी जागेवर असल्याने सायकल चालती राहते. महिनाभर मोटरवर फिरा. आपल्याला खरंच किती गिअर लागतात हे तेव्हा कळतं, आणि ते कळल्याशिवाय बेल्टच्या पुल्यांचं, म्हणजे बेल्ट ज्यांवर फिरतो त्या दातेरी चाकांचं, गणित मांडता येत नाही. माझ्याकडून सांगायचं तर दिवाळीनंतर मोटर, मार्च-एप्रिलमध्ये बेल्ट, आणि मृग लागायच्या आत सगळं पक्कं.

पुढचं सगळं मी छोट्या व्हीलबेसच्या, म्हणजे दोन चाकांत कमी अंतर असलेल्या, रिकम्बंटवरून सांगतोय: पुढचं चाक २० इंची, मागचं २६ इंची, आणि पॅडल पुढच्या चाकाच्याही पुढे, सरकत्या नळीवर. माझी एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी नळ्यांची बनवून घेतलेली आहे. तीन चाकी असेल तर पुढच्या चाकातल्या मोटरचा भाग तुम्हाला लागू नाही.

कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत, ताशी २५ किलोमीटरला मोटर बंद, पॅडल थांबलं की मोटर थांबणार, आणि बॅटरी सोडून सायकलचं वजन ६० किलोच्या आत असेल तर ती मोटर वाहन धरली जात नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. दुकानदार ५०० किंवा १००० वॅटची मोटर दाखवून “साहेब, थोडेच पैसे जास्त” म्हणेल. नको म्हणा. आणि मोटर बसली म्हणून सी लिंक, कोस्टल रोड किंवा ईस्टर्न फ्रीवे आपल्याला खुला होत नाही.

मोटर कुठे बसवायची

तीन जागा आहेत. क्रँकजवळ, म्हणजे पॅडलच्या दांड्यांजवळ, बसवली तर तिचा सगळा जोर बेल्टवर येतो, नको. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, बसवली तर तिथे अंतर्गत गिअरचा (ज्याच्या पोटातच गिअर असतात तो) हब बसत नाही, आणि साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा डीरेल्युअर बेल्टवर चालत नाही, म्हणजे गिअरच गेले. राहिलं पुढचं चाक. पुढच्या हबमध्ये गिअरची छोटी मोटर बसवली की मोटर पुढून ओढते, बेल्ट मागून ढकलतो, आणि दोघांचा एकमेकांना त्रास नाही.

इथे नवखे हमखास चुकतात. बाजारात सहज मिळणाऱ्या मोटरची तार २६ इंची चाकाच्या वेगाच्या हिशोबाने गुंडाळलेली असते. २६ इंची चाक एका फेरीत साधारण २.०७ मीटर जातं, म्हणून ताशी २५ ला त्याचे मिनिटाला २०० फेरे होतात. २० इंची चाकाचा फेरा जेमतेम दीड मीटर. तेवढ्याच फेऱ्यांत तुम्ही १८ वर अडकता. २५ गाठायला २७७ फेरे लागतात. तेव्हा विकत घेताना “२० इंची रिंगसाठी” असं स्पष्ट सांगून घ्या आणि नंतर डिस्प्लेमध्येही चाकाचा आकार २० टाका. नाहीतर वेग खोटा दिसतो आणि मोटर चुकीच्या वेळी बंद होते.

चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, लोखंडीच हवा. ॲल्युमिनियमचा किंवा कार्बनचा चिमटा असेल तर हा बेत सोडा. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा स्वतःच्या एक्सलला तितक्याच जोराने मागे पिळते. एक्सलच्या सपाट बाजूंवर चिमट्याची खाच तेवढी धरून असते. ती रुंदावली की एक्सल गरकन फिरतो, मोटरची वायर त्याला गुंडाळली जाऊन तुटते आणि चाक निसटतं. म्हणून दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म लावा, म्हणजे एक्सलला घट्ट बसणारी आणि दुसऱ्या टोकाला चिमट्याला क्लॅम्प केलेली पोलादी पट्टी. मोटरच्या किटमध्ये एकच येते. दुसरी मागवा.

पॅडल फिरतंय हे मोटरला कळवणारा पॅडल सेन्सर निवडताना त्याच्या चकतीवरची चुंबकं मोजा. १२ चुंबकांची घ्या. कमी चुंबकांच्या चकतीला पॅडल अर्धा फेरा फिरेपर्यंत काही कळत नाही, आणि आपल्याला मोटर हवी ती नेमकी त्याच अर्ध्या फेऱ्यात. चकतीवर दिशेचा बाण असतो, तो उलटा बसला तर मोटर फक्त मागे पॅडल मारल्यावर चालते. मी बाण न पाहता बसवली होती आणि एक अख्खी संध्याकाळ कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या डब्याला, शिव्या देण्यात घालवली.

ब्रेक लिव्हर दाबताच मोटर बंद करणारेच घ्या. पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि फ्लायओव्हरच्या लोखंडी सांध्यांवर पुढचं चाक जोर लागताच घसरतं. तिथे डिस्प्लेवर मोटरच्या मदतीची पातळी १ वर आणा.

बॅटरी आणि वायरिंग

३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. आपणही पॅडल मारत राहिलो तर किलोमीटरला दहाएक वॅट-तास पडतात. भांडुप ते सायन जाऊन-येऊन आरामात होतं. बॅटरी सीटच्या मागे, शक्य तितकी खाली. वर कॅरिअरवर ठेवली तर वळणावर सायकल डुलते.

बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं संरक्षक सर्किट) असलेली, पक्क्या डब्यातली बॅटरी घ्या. सुटे सेल आणून जोडायचं काम पहिल्या सायकलवर करू नका. चार्जिंग डोळ्यांसमोर, लाकडी कपाटापासून आणि बाहेर पडायच्या दारापासून लांब. आमच्या सोसायटीत मीटर बॉक्सच्या खोलीत चार्जिंगला लावण्यावरून सभेत दोनदा चर्चा झाली आणि सोसायटीचं बरोबर होतं. बॅटरी काढून घरी नेता येईल असा डबा घ्या. तशीही ही सायकल लिफ्टमध्ये मावत नाही.

पॅडल पुढे टोकाला आणि कंट्रोलर सीटखाली, त्यामुळे किटमधल्या वायरी तोकड्या पडतात. कापून जोडण्याऐवजी त्याच कनेक्टरच्या एक्स्टेन्शन घ्या. लॅमिंग्टन रोडला कनेक्टर नेऊन दाखवलात तर जोडीदार मिळतो. प्रत्येक वायर डब्यात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून झोळाच्या तळाशी टपकतं, डब्यात शिरत नाही. कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरा. हिंदमाताला किंवा मिलन सबवेला पाणी भरलं असेल तर हब बुडेल इतक्या पाण्यात जाऊ नका. मोटरमध्ये पाणी शिरतं ते एक्सलमधून वायर बाहेर येते त्या भोकातून.

बेल्टसाठी फ्रेम तपासणं: सुतळीची परीक्षा

साखळी तोडून जोडता येते. बेल्ट अखंड असतो. त्यामुळे पहिला प्रश्न एकच: तो आत जाणार कसा?

मागचं चाक काढा. बेल्ट जिथून जाणार तिथून सुतळी फिरवा आणि गाठ मारून तिचं कडं करा. आता गाठ न सोडता ते कडं सायकलवरून काढून दाखवा. निघालं तर बेल्टही जाईल. मागच्या त्रिकोणाच्या एखाद्या नळीत अडकलं तर दोन वाटा आहेत: बेल्टच्या वरच्या-खालच्या दोन्ही बाजू त्या नळीच्या वरून किंवा दोन्ही खालून नेता येतात का पाहा, नाहीतर उजवी नळी कापून तिथे बोल्टने सुटणारा सांधा करून घ्या. हा सांधा रोजच्या ग्रिल-गेटच्या वेल्डरचं काम नाही. सायकलच्या किंवा मोटरसायकलच्या फ्रेमवर हात बसलेला माणूस शोधा.

सायकलसाठी तयार कार्बन बेल्ट ११ मिलिमीटर पिचचे, म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंत तेवढं अंतर असलेले, येतात, पण पॅडलपासून मागच्या चाकापर्यंतच्या आपल्या अंतराला ते तोकडे पडतात. म्हणून मधे, सीटखाली, एक आडवा शाफ्ट घ्यायचा आणि दोन बेल्ट लावायचे: पॅडल ते मधला शाफ्ट, शाफ्ट ते मागचा हब. आणि असा दोन टप्प्यांचाच बेत असेल तर नागदेवी स्ट्रीटला कारखान्यांसाठी मिळणारे ८ मिलिमीटर पिचचे, म्हणजे ८एम बेल्ट चालतात. बदली बेल्ट दुसऱ्या दिवशी मिळतो, परदेशातून यायची वाट पाहावी लागत नाही. रविवारी मात्र जाऊ नका, शटर बंद असतात.

पुल्यांचं गणित

मुंबईत मोटर जोडीला असेल तर तीन गिअर पुरतात, हे माझं ठाम मत. मागे शिमानो नेक्सस तीन गिअरचा हब घ्या, पॅडल उलटं फिरवून लागणाऱ्या ब्रेकचा नको. या हबचा पहिला गिअर ०.७३३, दुसरा १, तिसरा १.३६४.

क्रँकला ६० दात, मधल्या शाफ्टला दोन्ही पुल्या ४४ दातांच्या, हबला ३० दात. मधले ४४ एकमेकांना कापतात आणि एकूण प्रमाण ६० भागिले ३०, म्हणजे २. मिनिटाला पॅडलचे ७५ फेरे मारले तर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी साधारण २५, पहिल्यात १४. मोटर जिथे सोडते तिथेच आपला शेवटचा गिअर संपतो. याहून जास्त मला तरी नको होतं.

पुली लहान ठेवायचा मोह होतो, वजन वाचतं म्हणून. आवरा. ७० किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर सगळं वजन टाकतो तेव्हा बेल्टवर येणारी ओढ ६० दाती पुलीवर १५३० न्यूटन, ४४ दातीवर २०८० च्या पुढे. त्यात रिकम्बंटवर पाठीला सीटचा आधार असतो, त्यामुळे स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त जोर पायांतून देता येतो. दुकानात कॅटलॉग मागा, त्या रुंदीच्या बेल्टला किती ओढ चालते ते पाहा आणि हिशोबाच्या वर भरपूर जागा ठेवून घ्या. काचेच्या धाग्याच्या बेल्टपेक्षा कार्बन धाग्याचा अरुंद घेऊन भागतं, पण महाग पडतो.

बेल्टची लांबी काढायची सोपी रीत: दोन पुल्यांच्या दातांची बेरीज करा, निम्मी करा, ८ ने गुणा, आणि त्यात शाफ्टमधलं अंतर दुप्पट करून मिळवा. मागचा टप्पा: ४४ अधिक ३० म्हणजे ७४, निम्मे ३७, गुणिले ८ म्हणजे २९६. बाजारात १६०० मिलिमीटरचा बेल्ट मिळतो. १६०० वजा २९६ म्हणजे १३०४, निम्मे ६५२. शाफ्टपासून मागच्या एक्सलपर्यंत ६५२ मिलिमीटर ठेवायचं. पुढचा टप्पाही तसाच: ६० आणि ४४ चे ४१६, बेल्ट १८०० चा, अंतर ६९२. खरं सूत्र थोडं मोठं आहे, पण आपल्या पुल्यांत फरक पडतो तो अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, आणि तेवढं ताण देताना निघून जातं.

आधी बेल्ट निवडा, मग शाफ्टची जागा ठरवा. उलट केलंत तर १५८७ मिलिमीटरचा बेल्ट शोधत नागदेवीत फिराल.

लेथवर

तयार पुल्या बिडाच्या किंवा पोलादाच्या मिळतात, मोठी पुली तर हातात धरवत नाही. ॲल्युमिनियमच्या पाडून घ्या. क्रँक असा घ्या की ज्याची दातेरी चकती बोल्टने सुटते. रिव्हेट मारलेला चालणार नाही. हबसाठी त्याच हबचं जुनं स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चकती) घेऊन दात घासून काढा आणि त्या चकतीवर ३० दाती पुली बोल्टने बसवा. हबच्या खाचांचा आकार नव्याने पाडण्यापेक्षा हे स्वस्त आणि अचूक.

मधला शाफ्ट १७ मिलिमीटरचा, ईएन८ पोलादाचा, दोन ६००३ बेअरिंगांत, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेल्या. पुल्या ५ मिलिमीटरच्या चावीने, म्हणजे शाफ्ट आणि पुलीच्या खाचेत बसणाऱ्या पोलादी तुकड्याने, शाफ्टवर बांधायच्या. बेअरिंग दोन पट्ट्यांत, पुल्या मधे, आणि बाहेरची पट्टी बोल्टने सुटणारी, नाहीतर बेल्ट बदलताना सगळं खोलावं लागेल. पट्ट्यांना फ्रेमवर लांबट भोकं ठेवा म्हणजे शाफ्ट मागेपुढे सरकवता येईल.

पट्टी ६ मिलिमीटरची. मी वजनाच्या हट्टाने ३ ची लावली होती. घरासमोर फेऱ्या मारताना सगळं मख्खन. पहिल्याच फ्लायओव्हरवर जोर दिला आणि शाफ्ट वाकडा झाला, पायाखालून मांजर ओरडल्यासारखा आवाज आला. वर पोहोचून पाहिलं तर बेल्टची कड पुलीच्या काठावर चढून दोऱ्या बाहेर आलेल्या. कुर्ल्याच्या लेथवाल्या चाचांनी तो बेल्ट उलटसुलट पाहिला आणि एवढंच म्हणाले, “दात मी पाडून देईन, सरळ रेषा तुम्हाला आणावी लागेल.” दुसऱ्या वेळी पट्टी त्यांनीच निवडली.

सरळ रेषा आणि ताण

मीटरभराची लोखंडी पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडावर टेकवा. चारही कडांना टेकली पाहिजे. चालणारी चूक पाव अंशाची, म्हणजे ६५२ मिलिमीटरला ३ मिलिमीटरच्या आत. पट्टीखालून नोट सरकवून पाहा, जिथे सरकते तिथे फट आहे. पातळ वॉशर घालून भरा. मग क्रँक हाताने पन्नासेक वेळा फिरवा. बेल्ट एका कडेला सरकत गेला तर कोन चुकलाय, बाहेर पडू नका. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर बेल्टला लागत नाही हेही तेव्हाच पाहून घ्या.

ताण आधी मागच्या बेल्टला, शाफ्ट सरकवून. मग पुढच्याला, पॅडलची नळी बाहेर ओढून. उलट क्रमाने केलंत तर शाफ्ट हलवताच पुढचा ताण बिघडतो. अर्थात पॅडलची नळी ही पायाच्या लांबीसाठीही असते, म्हणून पुढच्या बेल्टचं माप घेण्याआधीच तिची तुमच्या पायाची जागा ठरलेली हवी. पुढेमागे दोन-चार मिलिमीटर गुडघ्याला कळत नाहीत. ही सायकल मग दुसऱ्याला द्यायची नाही, हा फायदा की तोटा ते घरातल्या माणसांवर अवलंबून.

ताण मोजायला दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली बेल्टच्या मध्यावर टांगा. बेल्ट साधारण १० मिलिमीटर खाली यावा, अंतराचा चौसष्टावा भाग. ही सुरुवात. मग मागचा ब्रेक आवळून पॅडलवर पूर्ण जोर द्या. कटकट आवाज करत दात उडाले तर आणखी ताणा. पण क्रँक हाताने जड फिरायला लागला तर जास्त झालं, बेअरिंग खाईल.

रस्त्यावर

पहिली फेरी रविवारी पहाटे, पाना-किल्ल्या जवळ घेऊन. दहा किलोमीटरनंतर टॉर्क आर्म, एक्सल नट आणि शाफ्टच्या पट्टीचे बोल्ट पुन्हा आवळा. नवा बेल्ट थोडा बसतो, ताण पुन्हा पाहा. मागे उंच काठीवर झेंडा लावा, बसच्या ड्रायव्हरच्या नजरेत येईल इतका उंच.

जास्तीचा बेल्ट जवळ ठेवाल तर घडी घालू नका, पिळू नका, उलटा वाकवू नका. आतला धागा मोडतो आणि बाहेरून काही दिसत नाही. माझा दाराआड खिळ्यावर मोठं कडं करून टांगलेला असतो.

पावसात घरी आलात की पाण्याचा साधा पाईप मारा आणि पुलीच्या दातांतली रेती जुन्या टूथब्रशने काढा. बस्स. तेल नाही, ग्रीस नाही, स्प्रे नाही. पंक्चर काढायला दुकानात दिलीत तर आधीच बजावून ठेवा, कारण तिथला पोरगा चांगल्या मनाने, न विचारता, बेल्टवर तेल सोडणारच.